रेक्सहॅमसारखं कुणीही वर जाऊ शकतं का? नॉन-लीगचा हंगाम आतून

विचारलेला प्रश्न असा: "रेक्सहॅम सलग तीन वर्षं वरच्या गटात गेलं असं वाचलं. इंग्लंडमध्ये गल्लीतला क्लबही जिंकत जिंकत प्रीमियर लीगपर्यंत पोचू शकतो म्हणतात. खरं आहे का? आणि या नॉन-लीगचा एक हंगाम असतो कसा, वर कोण नि खाली कोण हे ठरतं कसं?" विचारणारे कोल्हापूरचे, शाहू स्टेडियमवर वाढलेले. म्हणजे पेठेच्या संघापायी घरात अबोला धरणारी माणसं कशी असतात, हे त्यांना मी सांगायची गरज नाही.

मी इंग्लंडच्या वायव्य भागात बरीच वर्षं एका क्लबचा सेक्रेटरी आहे. काम बिनपगारी, नोकरी सांभाळून. क्लबचं नाव सांगत नाही. काही गोष्टी मोकळेपणाने लिहायच्या आहेत.

थोडक्यात उत्तर: नियमात कुठेही आडकाठी नाही, वर जाता येतं. पण गुणतालिका ही तीन परीक्षांपैकी फक्त एक. दुसरी मैदानाची, तिसरी पैशाची. पहिलीत पहिले येऊनही दुसरीत नापास झालेले क्लब आहेत, आणि पहिल्या दोन्ही पास होऊन तिसरीत बुडालेले तर पुष्कळ. बढती मिळवणं तेवढं अवघड नाही. बढती झेपणारा क्लब उभा करणं अवघड.

आधी शिडी बघू. सगळ्यात वर प्रीमियर लीगचे २० क्लब. त्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू, प्रत्येकी २४. हे झाले ९२; नुसतं 'लीग' म्हटलं की हेच क्लब. त्याखालचं सगळं नॉन-लीग. त्याची पहिली पायरी, म्हणजे आमच्या भाषेत स्टेप १, ही नॅशनल लीग. २४ क्लब, अख्ख्या देशातून. स्टेप २ ला उत्तर आणि दक्षिण असे दोन गट, स्टेप ३ ला चार, स्टेप ४ ला आठ, स्टेप ५ ला सोळा. खाली उतराल तसा प्रदेश आक्रसत जातो. वरच्या पायरीवर बहुतेक खेळाडू पूर्णवेळ पगारी असतात. आमच्याकडे येईपर्यंत सेंटर-हाफ प्लंबर असतो आणि गोलरक्षक शाळेत शिकवतो.

साधारण नियम असा की गटातला पहिला थेट वर जातो आणि दुसरी जागा प्ले-ऑफमधून, म्हणजे हंगामअखेरच्या बाद सामन्यांतून, ठरते. स्टेप ३ आणि ४ ला दुसरा ते पाचवा असे चार क्लब प्ले-ऑफ खेळतात, नॅशनल लीगमध्ये दुसरा ते सातवा असे सहा. नॅशनल लीगमधून तळाचे चार खाली येतात.

आता नॅशनल लीगचा हिशेब मांडून बघा. वर जाणार फक्त दोन. ही सगळ्या शिडीवरची सर्वांत अरुंद जागा. लीग वनमधून लीग टूमध्ये दरवर्षी चार क्लब पडतात, पण लीग टूमधून नॉन-लीगमध्ये पडतात दोनच. कारण उघड आहे: आत बसलेल्यांना दार मोठं करायची घाई नसते. १९८७ च्या आधी तर दारच नव्हतं, मतदान होतं. लीगच्या तळाच्या क्लबांना परत ठेवायचं की बाहेरच्या कुणाला घ्यायचं, हे बाकीचे क्लब मत देऊन ठरवायचे. ओळखीपाळखीचा मामला. १९७२ मध्ये बॅरो असंच मतांवर बाहेर गेलं आणि त्याच्या जागी हेरफर्ड आलं, ज्यांनी त्याच वर्षी एफए कपमध्ये (एफए म्हणजे इंग्लंडची फुटबॉल संघटना) न्यूकॅसलला हरवून नाव केलं होतं. बॅरोला परत यायला २०२० उजाडलं. १९८७ पासून विजेत्याला थेट बढती मिळू लागली; पहिले स्कारबरो, आणि त्यांच्यासाठी जागा रिकामी करणारे लिंकन सिटी. दुसरी जागा मिळायला २००३ पर्यंत थांबावं लागलं. तिसरी मिळावी म्हणून नॅशनल लीगचे क्लब "थ्री-अप" (तिघांना वर घ्या) नावाची मोहीम चालवतात.

या अरुंदपणाची किंमत बघायची असेल तर २०२२-२३ चा हंगाम बघा. रेक्सहॅमची गोष्ट लोकांना हॉलिवूडमुळे माहीत आहे: २००८ मध्ये लीगबाहेर पडलेला वेल्समधला जुना क्लब, २०२१ मध्ये रायन रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकएल्हेनी या नटांनी विकत घेतला. पण त्या वर्षी त्यांच्या बरोबरीने नॉट्स काउंटी धावत होतं, १८६२ साली स्थापन झालेला क्लब. दोघांनी मिळून बाकीच्यांना पार मागे टाकलं. रेक्सहॅमचे १११ गुण, नॉट्सचे १०७. नॉट्सच्या मॅकॉली लँगस्टाफने नॅशनल लीगमध्ये ४२ गोल केले. १० एप्रिलला दोघं रेक्सहॅमला समोरासमोर आले, रेक्सहॅम ३-२ ने पुढे, नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेत नॉट्सला पेनल्टी. निवृत्तीतून परत बोलावलेला बेन फॉस्टर गोलमध्ये. त्याने ती अडवली. हंगाम जवळजवळ तिथेच ठरला.

आणि मग १०७ गुण मिळवलेल्या नॉट्सला प्ले-ऑफ खेळावी लागली. लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर चेस्टरफील्डविरुद्ध पेनल्टी शूटआउटपर्यंत गोष्ट गेली, आणि ते सुटले. सुटले नसते तर काय झालं असतं, हे यॉर्कला विचारा. २०२४-२५ मध्ये यॉर्क सिटी ९६ गुणांनी दुसरे आले, बार्नेट पहिले. उपांत्य फेरीत पाचव्या आलेल्या ओल्डहॅमने यॉर्कला त्यांच्याच मैदानात ३-० ने हरवलं, आणि पुढे वेम्ब्लीवर साउथएंडला हरवून तेच लीगमध्ये परतले. पूर्ण हंगामात यॉर्कपेक्षा वीसहून जास्त गुण कमी असलेला क्लब वर गेला. अन्याय? मला तसं वाटत नाही. नियम ऑगस्टमध्ये सगळ्यांना माहीत असतो. अन्याय दार अरुंद असण्यात आहे, प्ले-ऑफमध्ये नाही.

आता आमच्या पातळीवरचा हंगाम.

तो ऑगस्टमध्ये नाही, जूनमध्ये सुरू होतो. मॅनेजर खेळाडू जमवतो, खजिनदार "इतकेच पौंड" म्हणून हात वर करतो, आणि माझ्या टेबलावर नोंदणीचे कागद येतात. स्टेप ४ आणि ५ ला फार थोड्या खेळाडूंशी लेखी करार असतो. बाकीच्यांना आठवड्याला पेट्रोलखर्चापासून शे-दोनशे पौंडांपर्यंत, क्लबच्या खिशाप्रमाणे. जेमी वार्डीची गोष्ट सगळे सांगतात: स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्सकडे आठवड्याला ३० पौंड, मग हॅलिफॅक्स, मग फ्लीटवुडकडून एका हंगामात ३१ गोल, २०१२ मध्ये दहा लाख पौंडांना लेस्टर आणि २०१६ मध्ये प्रीमियर लीगचं विजेतेपद. गोष्ट खरी आहे. पण आमच्यासारख्या क्लबला तिचा उपयोग कमी. आमचा खेळाडू करारावर नसेल तर तो जाताना आम्हाला एक पेनीही मिळत नाही.

करार नसलेल्या खेळाडूसाठी सात दिवसांच्या नोटिशीचा नियम आहे. दुसऱ्या क्लबला आमच्या पोराशी बोलायचं असेल तर आधी मला लेखी कळवायचं, सात दिवस थांबायचं, मगच बोलायचं. शनिवारी आमच्या स्ट्रायकरने तीन गोल मारले की रविवारी दुपारच्या चहाआधी मेल आलेला असतो. भाषा अत्यंत सभ्य, "आम्ही या पत्राद्वारे सात दिवसांची सूचना देत आहोत" वगैरे. प्रत्यक्षात पोराशी फोनवर बोलणं आधीच झालेलं असतं हे दोघांनाही ठाऊक असतं. मीही तशीच सभ्य पोच देतो. आणि हो, मीही तसे मेल पाठवतो.

कागदांचं महत्त्व बाहेरून कळत नाही. नोंदणी वेळेत झाली नाही, किंवा जुन्या क्लबकडची एका सामन्याची बंदी खेळाडूने भोगलेली नाही आणि तुम्ही त्याला उतरवलं, तर त्या सामन्यात मिळवलेले गुण जातात. दर वसंतात कुठल्या ना कुठल्या गटात असा निकाल येतो आणि तालिकेचा तळ उलटापालटा होतो. शुक्रवारी रात्री मॅनेजरचा फोन येतो, "उद्या हा पोरगा पाहिजे, फार भारी आहे." पोरगा म्हणतो, माझ्यावर काही बंदी नाही. पोरगा नेहमीच तसं म्हणतो. मागच्या क्लबातलं शेवटचं लाल कार्ड त्याला आठवत नसतं, कारण त्याच रागात त्याने तो क्लब सोडलेला असतो. म्हणून मी पोराचं ऐकत नाही, नोंदी तपासतो. हे इंग्लंडचंच दुखणं आहे असं समजू नका. २०२४-२५ ची आपली आय-लीग आठवा: गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला विजेते जाहीर केलं होतं, पण खेळाडूंच्या पात्रतेवरून वाद स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादापर्यंत गेला आणि जुलै २०२५ मध्ये विजेतेपद इंटर काशीकडे गेलं. मैदानावरचा शेवटचा सामना एप्रिलमध्येच संपला होता.

ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यांत एफए कपच्या पात्रता फेऱ्या सुरू होतात. प्रीमियर लीगचे क्लब जानेवारीत ज्या स्पर्धेत उतरतात तीच ही. २०२३-२४ मध्ये अगदी पहिली फेरी जिंकणाऱ्याला १,१२५ पौंड होते. वरच्यांना ही रक्कम हास्यास्पद वाटेल. आमच्याकडे त्यात मैदानाच्या दुरुस्तीचा निम्मा खर्च निघतो. दोन-तीन फेऱ्या जिंकल्या की खजिनदार माणसांत येतो. आणि नशीब फळफळलं तर मरीनसारखं होतं: लिव्हरपूलजवळच्या क्रॉस्बीचा आठव्या स्तरावरचा (म्हणजे स्टेप ४ चा) क्लब, जानेवारी २०२१ मध्ये घरच्या मैदानावर टॉटनहॅमविरुद्ध. करोनामुळे प्रेक्षक बंद, म्हणून त्यांनी कुणाला आत न येता वापरायची "आभासी" तिकिटं काढली आणि ती तीस हजारांहून जास्त खपली. सामना ०-५ असा हरले, क्लब मात्र काही वर्षांसाठी सावरला.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा या हंगामाचा खरा गाभा. टीव्हीवर हे कधीच दिसत नाही. आमच्या मैदानाखाली ना पाण्याचा नीट निचरा, ना गरम नळ्या. शनिवारी सकाळी नऊ-साडेनऊला जवळपास राहणारा एक रेफरी पाहणीला येतो. मैदानाची निगा राखणारे आमचे काका, वय सत्तरीच्या पुढे, आधीच तासभर काटे घेऊन माती टोचत असतात. रेफरी बूट रुतवत चालतो, चेंडू खांद्याच्या उंचीवरून सोडतो. उसळला तर ठीक. 'थप्' करून तिथेच बसला, तर तो दुसरा कोपरा बघतो. मग गोलसमोर, जिथे चहाच्या टपरीच्या छपराचं पाणी वर्षानुवर्षं उतरत आलंय तिथे, चेंडू घरंगळत सोडतो. तो दोन फुटांवर थांबतो. सगळे एकमेकांकडे बघतात. काका म्हणतात, "वारा सुटलाय, बारापर्यंत सुकेल." काका दरवेळी हेच म्हणतात. पण समोरच्या संघाची बस साडेदहाला निघायची असते, आणि ती निघाल्यावर सामना रद्द केला तर तिच्या भाड्याचा वाद उभा राहतो. म्हणून निर्णय दहाच्या आत.

रद्द झालेला शनिवार म्हणजे नुसता पुढे ढकललेला सामना नव्हे. बर्गर वितळवून झालेले असतात, पाव आलेला असतो. शेजारच्या गावाविरुद्धचा सामना, ज्यावर महिन्याचं गणित बेतलेलं होतं, तो आता मंगळवारी रात्री पावणेआठला होणार, पावसात, एक तृतीयांश प्रेक्षकांसमोर. आणि असे चार-पाच शनिवार गेले की एप्रिलमध्ये शनिवार-मंगळवार-गुरुवार असा रतीब लागतो. तिथेच बढती आणि घसरण ठरते. मंगळवारी दीडशे मैलांवर सामना असला की प्लंबरला दुपारी दोनला काम सोडावं लागतं. मालक किती वेळा सोडेल? एप्रिलमध्ये पूर्ण अकरा मिळणं हीच कसोटी. फेब्रुवारीत पाचव्या-सहाव्या जागेवर असलेला, पण ज्याचं मैदान कोरडं राहिलंय आणि सामने तुंबलेले नाहीत, अशा क्लबवर लक्ष ठेवा. तालिकेतल्या "हातात तीन सामने" या आकड्याला मी गुण मानत नाही, कर्ज मानतो.

यावर उपाय म्हणजे कृत्रिम गवत, आमच्याकडे त्याला थ्री-जी म्हणतात. ते पावसात चालतं, आणि मुख्य म्हणजे आठवडाभर संध्याकाळी भाड्याने देता येतं: शाळा, मुलींचे संघ, ऑफिसवाल्यांचे पाच-पाचचे सामने. कित्येक क्लब त्यावर जगतात. नॅशनल लीगपर्यंत ते चालतं. पण लीग टूमध्ये चालत नाही! म्हणजे ज्या मैदानाच्या कमाईवर क्लब वर आला, तेच वर येताच उखडायचं. हॅरोगेटने २०२० मध्ये, सटनने २०२१ मध्ये आणि ब्रॉमलीने २०२४ मध्ये बढती मिळाल्यावर हेच केलं. वर जाताना उत्पन्न बुडवून जा, असा हा नियम.

इथून दुसऱ्या परीक्षेकडे येतो, मैदानाच्या दर्जाकडे. प्रत्येक पायरीला ठरावीक सोयी लागतात: दिव्यांचा प्रकाश किती, छताखाली खुर्च्या किती, टर्नस्टाइल (प्रवेशाची फिरती फाटकं) किती, ड्रेसिंग रूमचं क्षेत्रफळ, पंचांना वेगळी खोली, मैदानाभोवती कठडा. आमच्या पातळीवर ३१ मार्च ही तारीख डोक्यात घणासारखी वाजत असते. त्या तारखेपर्यंत वरच्या पायरीच्या सोयी तयार नसतील, तर पहिले येऊनही तुम्ही जागेवरच. म्हणजे जानेवारीत, बढती मिळेल की नाही माहीत नसताना, खुर्च्यांची ऑर्डर द्यायची. नाही मिळाली बढती तर खुर्च्या आहेत, पैसे नाहीत. आमच्या समितीत यावरून जितकी भांडणं झाली आहेत तितकी कुठल्याही मॅनेजरच्या हकालपट्टीवरून झालेली नाहीत.

नव्वदच्या दशकात हे तीन वर्षं ओळीने घडलं. १९९४ मध्ये किडरमिन्स्टर हॅरियर्स विजेते, मैदान नापास, बढती नाही. १९९५ मध्ये मॅकल्सफील्ड, तेच. १९९६ मध्ये स्टीव्हनेज, तेच. त्या प्रत्येक वेळी लीगच्या तळाचा क्लब वाचला: नॉर्दॅम्प्टन, मग एक्झेटर, मग टॉर्की. मॅकल्सफील्डने १९९७ मध्ये परत जिंकून बढती घेतली, किडरमिन्स्टरने २००० मध्ये; स्टीव्हनेजला २०१० पर्यंत थांबावं लागलं. हे जुनं झालं म्हणाल तर २०२४ चं गेट्सहेड घ्या. गुणांवर त्यांनी प्ले-ऑफची जागा मिळवली होती. स्टेडियम मात्र स्थानिक परिषदेच्या मालकीचं, आणि पुढची दहा वर्षं ते हक्काने वापरता येईल याची हमी त्यांना दाखवता आली नाही. प्ले-ऑफमधून नाव काढलं. काही आठवड्यांतच त्यांनी वेम्ब्लीवर एफए ट्रॉफी, म्हणजे नॉन-लीग क्लबांची कप स्पर्धा, जिंकली. खेळाडूंचा त्यात काय दोष?

आणि तिसरी परीक्षा. नॉन-लीगमध्ये वर जाणाऱ्या बहुतेक क्लबांमागे एक श्रीमंत माणूस असतो, बांधकामवाला किंवा गाड्यांचा व्यापारी. तो पगार वाढवतो, शेजारच्या क्लबचे खेळाडू उचलतो, दोन बढत्या होतात. मग त्याचा धंदा बसतो, किंवा तब्येत, किंवा नुसता कंटाळा येतो. मागे उरतात दोन-तीन वर्षांच्या पगाराचे दिलेले शब्द आणि पूर्वीइतकेच दोन-तीनशे प्रेक्षक. वर गेल्यावर प्रवासही वाढतो. कॉर्नवॉलच्या ट्रुरो सिटीने २०२५ मध्ये नॅशनल लीग साउथ (स्टेप २ चा दक्षिण गट) जिंकली. कॉर्नवॉलमधून इतक्या वर आलेला हा पहिला क्लब. बक्षीस काय, तर देशाच्या नैर्ऋत्य टोकावरून गेट्सहेडपर्यंत साडेचारशे मैलांच्या आसपास एका बाजूचा प्रवास. एका सामन्यासाठी. हॉटेल धरून.

म्हणून काही क्लब बढती नको म्हणतात, उघडपणे किंवा मैदानाच्या सोयी मुद्दाम अपुऱ्या ठेवून. बाहेरच्यांना हे भ्याडपणाचं वाटतं. मला वाटत नाही. ज्याचा हिशेब दरवर्षी जुळतो तो क्लब शंभर वर्षं टिकतो.

मग घसरण. एप्रिलअखेर तळाला राहिलात तरी मे संपेपर्यंत काही पक्कं नसतं. वरचा एखादा क्लब दिवाळखोरीत गेला, कुणी माघार घेतली, दोघांनी विलीनीकरण केलं, की खाली पडणाऱ्यांपैकी सर्वांत बऱ्या गुणांच्या क्लबला अभय मिळतं. त्याला आम्ही रिप्रीव्ह म्हणतो. शिवाय एफए मे महिन्यात गटांची फेरआखणी करते: यंदा उत्तरेच्या लीगमध्ये होता, पुढच्या वर्षी मिडलँड्सच्या. ना वर ना खाली, आडवे. पण शेजारच्या गावाचे दोन डर्बी सामने गेले की खजिनदाराला ते घसरणीइतकंच लागतं. त्या तीन आठवड्यांत सेक्रेटरी मंडळी एकमेकांना जितके फोन करतात तितके वर्षभरात करत नाहीत. अफवांवर आमची बढती-घसरण रोज होते.

या सगळ्यात सर्वांत वाईट मार्च २०२० होता. करोनामुळे स्टेप ३ आणि त्याखालचा पूर्ण हंगाम रद्दबातल ठरवला गेला, निकाल पुसले, ना बढती ना घसरण. साउथ शील्ड्स आपल्या गटात १२ गुणांनी पुढे होते. चॅनेल बेटांवरच्या जर्सी बुल्सने लीगचे २७ पैकी २७ सामने जिंकले होते, बढती गुणांवर पक्की झाली होती. सगळं शून्य. स्टेप १ आणि २ ला मात्र प्रति-सामना सरासरी गुणांवर निकाल लावले. वर उल्लेख केलेलं बॅरो तसंच ४८ वर्षांनी परतलं. एकाच देशात, एकाच रोगाला दोन न्याय. जानेवारीत ऑर्डर दिलेल्या खुर्च्यांचं बिल मात्र सगळ्यांना पूर्ण आलं.

खाली पडलेले परत येतात का? काही येतात. ल्यूटन टाउन २००८-०९ मध्ये आर्थिक गैरव्यवहारांपायी उणे ३० गुणांवर हंगाम सुरू करून नॉन-लीगमध्ये पडले, पाच वर्षं तिथे राहिले, २०१४ मध्ये निघाले आणि २०२३ मध्ये प्रीमियर लीगमध्ये पोचले. पेली रुडॉक एम्पान्झू हा मिडफिल्डर नॉन-लीगपासून प्रीमियर लीगपर्यंत त्यांच्याकडूनच खेळला. उलट दिशेने ओल्डहॅम: १९९२ मध्ये प्रीमियर लीगच्या पहिल्या हंगामातले क्लब, २०२२ मध्ये नॉन-लीगमध्ये. प्रीमियर लीग खेळून इतकं खाली आलेलं पहिलं नाव त्यांचंच.

स्कारबरो परत आलं नाही. ८ मे १९९९, शेवटचा दिवस. त्यांचा सामना १-१ बरोबरीत सुटला होता, प्रेक्षक मैदानात उतरून नाचत होते, कारण तिकडे त्यांच्याखाली तळाला असलेलं कार्लाइलही बरोबरीत अडकलं होतं. पण तो सामना अजून चालू होता. ९५ व्या मिनिटाला कार्लाइलला कॉर्नर मिळाला, उसना आणलेला गोलरक्षक जिमी ग्लास पुढे धावत आला आणि त्याने गोल मारला. कार्लाइल वाचलं, स्कारबरो लीगबाहेर. २००७ मध्ये कर्जात क्लब बंद झाला. चाहत्यांनी स्कारबरो अॅथलेटिक काढलं, दहा वर्षं शेजारच्या ब्रिडलिंग्टनमध्ये घरचे सामने खेळले, २०१७ मध्ये गावात परतले आणि २०२२ मध्ये स्टेप २ ला पोचले. मॅकल्सफील्ड टाउनही २०२० मध्ये बुडालं. नव्या नावाने स्टेप ५ वरून सुरुवात केली आणि २०२२, २०२३, २०२५ अशा तीन बढत्या घेऊन स्टेप २ ला आहे. दोन्ही गावांत क्लब मेला, माणसं उरली.

प्रश्नाच्या शेवटी विचारलंय की पुढच्या वर्षी मँचेस्टरला मुलीकडे येणार आहे, काय बघू? मार्च-एप्रिलमध्ये या. मॅकल्सफील्ड ट्रेनने अर्ध्या तासाच्या आत आहे. बरी (Bury) नावाचं गावही जवळच आहे. २०१९ मध्ये लीगमधून काढून टाकलेला तिथला क्लब आता पुन्हा गिग लेन या आपल्या जुन्या मैदानावर खेळतो. मँचेस्टरच्याच मॉस्टन भागात एफसी युनायटेड आहे, ग्लेझर कुटुंबाच्या ताब्याला विरोध म्हणून २००५ मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांनीच काढलेला. तिकीट प्रीमियर लीगच्या मानाने किरकोळ. बियरचा ग्लास हातात घेऊन उभ्याने सामना बघता येतो, वरच्या पाच स्तरांवर (प्रीमियर लीग ते नॅशनल लीग) ते चालत नाही. मध्यंतरात लोक आपल्या संघाच्या हल्ल्याच्या बाजूला चालत जातात, तुम्हीही जा. शक्यतो तळाच्या दोन क्लबांचा सामना निवडा, पहिल्या दोघांचा नको. पायात भीती असलेला फुटबॉल जास्त बघण्यासारखा असतो. आणि निघण्याआधी सकाळी दहाला क्लबच्या पानावर मैदानाच्या पाहणीचा निकाल बघून घ्या.